तिला हौस आहे की तुम्हाला?

लहान मुलांच्या सौंदर्यस्पर्धांबद्दल गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रं आली. त्यांतली काही आज एकत्र घेते.

प्रश्न : आमची मुलगी सहा वर्षांची आहे. माझी पत्नी दोन वर्षांपासून तिला सौंदर्यस्पर्धांत उतरवते. मला ते पटत नाही. पत्नी म्हणते, "तिला आवडतं, आत्मविश्वास वाढतो." मुलगी स्टेजवर खुशीत असते हेही खरं. मीच जुन्या वळणाचा आहे का?

उत्तर : वळण जुनं असो की नवं, शंका रास्त आहे. तुमच्या पत्नीचं म्हणणंही अगदीच चूक नाही. चार लोकांसमोर न बिचकता उभं राहता येणं ही मोठी गोष्ट आहे. पण नाटकात, गाण्यात, वक्तृत्वातही ते जमतं, आणि तिथे शाबासकी मिळते ती मुलाने केलेल्या गोष्टीला. इथे ती मिळते दिसण्याला. "मी छान म्हटलं" आणि "मी छान दिसले" यांतून उभा राहणारा आत्मविश्वास एकसारखा नसतो. पहिला सरावाने वाढवता येतो. दुसरा समोरच्याच्या नजरेवर टांगलेला असतो, आणि ती नजर दर वेळी वेगळी.

आता "तिला आवडतं" याकडे वळू. स्पर्धेच्या दिवशी घरात सगळं तिच्याभोवती फिरतं. आई तासन्‌तास तिचे केस विंचरते, तिच्याशी बोलते, जिंकल्यावर मिठी मारते. हे कुठल्या मुलाला आवडणार नाही? पण यातली स्पर्धा किती आवडते आणि आईचं लक्ष किती, हे सहा वर्षांच्या मुलीला वेगळं करून सांगता येत नाही. आपलं अपुरं स्वप्न मुलाच्या यशातून पुरं करून घेण्याच्या वृत्तीवर बालमानसोपचारात १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून लिहिलं गेलं आहे. मार्टिना कार्टराइट या संशोधिकेने २०१२ मध्ये तोच विचार बालसौंदर्यस्पर्धांना लावला. थोडीफार अशी हौस सगळ्याच आईबापांना असते, मलाही होती. ती मुलाच्या झोपेपेक्षा, जेवणापेक्षा, खेळापेक्षा मोठी झाली की गाडी रुळावरून घसरली म्हणायचं.

आणखी एक गोष्ट. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची मनापासून आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं होतं, चित्र काढलंस तर बक्षीस मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. आईची ओढणी गुंडाळून आरशासमोर गिरक्या घेणं हाही मुलांचा आवडता खेळ आहे. त्याला गुण द्यायला परीक्षक बसवले की खेळाचं काम बनतं.

एक करून पाहा. स्पर्धा जवळ नसताना, निवांत वेळी, मुलीला म्हणा, "पुढच्या वेळी नको जायला, त्या दिवशी आपण दिवसभर खेळू." मग कुणाचं तोंड उतरतं ते बघा. मुलीचं उतरलं, तर मी सांगते त्यापेक्षा तिचं ऐका. पण वर्षातून एखादीच स्पर्धा आणि साधा पोशाख, यावर ठाम राहा.

प्रश्न : माझी नात आठ वर्षांची. स्पर्धेत नंबर आला नाही की दोन-दोन दिवस धड जेवत नाही. सूनबाई म्हणतात, "खेळातही मुलं हरतातच की, सवय होईल." तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : आजी, धावण्याच्या शर्यतीत हरलेल्या मुलाला कारण कळतं. सुरुवात उशिरा झाली, दम कमी पडला. उद्यापासून काय करायचं तेही कळतं. इथे हरलेल्या मुलीने उद्यापासून काय करायचं? नाक बदलायचं? हरण्यातून शिकायला काही हाती लागलं तर त्याची सवय होते. नाही तर नुसता व्रण राहतो.

वयही बघा. चार-पाच वर्षांच्या मुलांना हरल्याचं वाईट वाटतं आणि खाऊ दिसला की विसरतात. साधारण सात-आठ वर्षांपासून मूल स्वतःला इतरांशी ताडून "मी कशी आहे" हे ठरवू लागतं. तुमची नात नेमकी तिथे आहे.

बहुतेक घरांत अशा वेळी म्हणतात, "तूच सगळ्यांत सुंदर होतीस, परीक्षकांना कळलं नाही." माया खरी, पण बोलणं उलटं पडतं. सुंदर असणं हेच सगळ्यांत महत्त्वाचं, हे आपण पुन्हा पक्कं करतो. त्यापेक्षा तिला जवळ घ्या, रडू द्या, आणि दुसऱ्या दिवशी दिसण्याशी काडीचाही संबंध नसलेलं काहीतरी तिच्याबरोबर करा. जेवण टाळताना ती "जाड दिसते" असं काही म्हणू लागली, तर मात्र वाट बघू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : स्पर्धेपुरता मेकअप, केसांना रंग, पडलेल्या दाताच्या जागी काढता-घालता येणारा खोटा दात, उंच टाचा. एका दिवसाने काय बिघडतं?

उत्तर : केसांचा रंग नकोच. बऱ्याच पक्क्या रंगांत पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. स्प्रेचे फवारे मूल नाकातोंडाने आत घेतं. टाचा घालून पाय मुरगळतो. खोट्या दाताने त्या एका दिवसात हिरडीचं फारसं बिघडणार नाही, पण मुलीला कळतं की ही फट लपवायची असते. त्या वयात ती मिरवायची असते हो!

प्रश्न : मी २३ वर्षांची आहे. चार ते अकरा या वयात मी खूप स्पर्धा केल्या. आज मेकअपशिवाय दारात कचरा टाकायलाही जाऊ शकत नाही. हे त्यामुळेच का? आईचा फार राग येतो.

उत्तर : त्यामुळेच, असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात लहानपणी अशा स्पर्धा केलेल्या ११ स्त्रियांची न केलेल्या ११ जणींशी तुलना केली होती. स्पर्धा केलेल्यांत शरीराबद्दलची नाराजी, इतरांवरचा अविश्वास आणि आवेगावर ताबा न राहणं जास्त आढळलं. नैराश्य आणि स्वतःबद्दलचा आदर यांत मात्र ठळक फरक दिसला नाही. बावीस जणींवरून जगाचा निष्कर्ष काढू नये. पण तुम्ही लिहिता ते त्याच्याशी जुळतं, आणि आयुष्याचं वाटोळं झालं असा त्याचा अर्थ नाही, हेही त्यातच आहे.

स्वतःकडे सतत बाहेरून बघत राहायचं वळण लागलं की डोकं त्यातच अडकतं. १९९८ च्या एका प्रयोगात पोहण्याचा पोशाख घालून एकटीने आरशासमोर उभ्या राहिलेल्या तरुणींना गणितं कमी सुटली. स्वेटर घातलेल्यांना जास्त सुटली. खोलीत बघणारं कुणी नव्हतं तरी!

वळण लागतं तसं सुटतंही. कचऱ्याची पिशवी हाच पहिला धडा करा. आधी फक्त लिपस्टिक न लावता जा, जमलं की आणखी एक गोष्ट कमी करा. छाती धडधडेल, धडधडू द्या, मधूनच परत फिरू नका. रोज आरशासमोर तास जात असतील, एखादाच अवयव विद्रूप वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. त्यावर चांगले उपचार आहेत. आईशी बोलायचं तर "तू माझं वाट्टोळं केलंस" इथून नको. "मला तेव्हा काय वाटायचं ते तुला कधी सांगितलंच नाही" इथून सुरू करा. ती आधी रागावेल, बहुधा.

प्रश्न : मी बारा वर्षांची आहे. मला आता स्पर्धा करायच्या नाहीत. आईने पैसे भरलेत. तिला कसं सांगू?

उत्तर : पैशांची काळजी तू करायची नाहीस, ती मोठ्यांची. मुलांशी संबंधित गोष्टींत मुलांचं मत ऐकलं पाहिजे, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातही लिहिलं आहे. पण आईला करार दाखवू नकोस, भांडण होईल. घाईच्या वेळी नाही, रात्री निजताना सांग. "मला तुझ्याबरोबर वेळ घालवायला आवडतो, स्पर्धा आवडत नाहीत," एवढंच. तुझ्याबरोबरचा वेळ जाईल, याचीच तिला बहुधा भीती असते. तोंडाने जमलं नाही तर चिठ्ठी लिही. मला लिहिलीस तशीच लिही, नीट कळते.