बहिणीचं जेवण तुटलंय आणि निदान नैराश्याचं झालंय. आधी उपचार कशावर करायचे?

तुम्ही लिहिलंय की बहीण १९ वर्षांची आहे, हॉस्टेलवर राहते. वर्षभरात वजन खूप उतरलं, चार महिने पाळी आलेली नाही. दिवसभर जवळजवळ काही खात नाही, आणि काही रात्री भरमसाट खाऊन लगेच बाथरूममध्ये जाते. डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्यात, आणि आईचं म्हणणं असं की मन ताळ्यावर आलं की पोरगी आपोआप जेवायला लागेल.

आईंची समजूत अगदी स्वाभाविक आहे, पण खाण्याच्या आजारात ती महाग पडते. दोन्हींवर उपचार एकाच वेळी चालू राहू देत, मात्र नैराश्य ओसरेपर्यंत जेवणाचा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. पोट रिकामं असताना मन बरं होत नाही.

याचा पुरावा जुना आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सल कीज यांनी ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात लढायला नकार दिलेले, तनामनाने धडधाकट म्हणून निवडलेले हे स्वयंसेवक. त्यांना २४ आठवडे साधारण निम्म्या आहारावर ठेवलं आणि त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं. पण वजनापेक्षा महत्त्वाचं जे घडलं ते डोक्यात. माणसं उदास झाली, चिडचिडी झाली, मित्रांपासून तुटली. दिवसभर डोक्यात अन्नच. पाककृती जमवायच्या, एक ताट तास तास पुरवून खायचं. काहींचा संयम सुटून अधाशासारखं खाणं झालं आणि मागोमाग अपराधीपणा आला. खाणं पूर्ववत झाल्यावरही हे सगळं लगेच गेलं नाही. यांच्यातल्या कुणाला आधी खाण्याचा आजार नव्हता. म्हणजे तुम्हाला बहिणीत दिसणाऱ्या उदासीपैकी किती उदासी तिची आणि किती उपासमारीची, हे आज कोणताही डॉक्टर ठामपणे सांगू शकणार नाही. तिचं पोषण सुधारल्यावरच ते कळतं.

आता आजाराचं नाव. निदान समोर बसून तपासणाऱ्यानेच करायचं, पण ढोबळ भेद माहीत असावेत. खाणं तोडून वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरणं आणि तरी जाड होण्याची भीती, हा अ‍ॅनोरेक्सिया. थोड्या वेळात ताबा सुटून खूप खाणं आणि मग उलटी, जुलाबाच्या गोळ्या, कडक उपास किंवा अति व्यायाम करून ते ‘फेडणं’, आठवड्यातून किमान एकदा असं तीन महिने, हा बुलिमिया. फेडणं नसेल तर बिंज ईटिंग. वजन खूप घटलेलं आणि त्यासोबत खाणं-ओकणंही असेल, तर तो बुलिमिया न धरता अ‍ॅनोरेक्सियाचाच एक प्रकार धरतात, आणि शरीराला तो फार जड जातो. तुमच्या वर्णनावरून डॉक्टरांसमोर ही शक्यता स्पष्ट शब्दांत मांडा. भारतातल्या कित्येक मुली ‘मला जाड व्हायचं नाही’ असं म्हणतच नाहीत. पोट गच्च होतं, अन्न जात नाही, मळमळतं, असं सांगतात. मग महिनोन्‌महिने पोटाच्याच तपासण्या चालतात. क्षयरोग, थायरॉइड, गव्हाची अ‍ॅलर्जी हे तपासून घ्यावंच, पण तिथे थांबू नये. आपल्याकडे उपासांचाही आडोसा होतो. चतुर्थी, सोमवार, एकादशी एकदम वाढले, तर देवाचं म्हणून घरात कुणी अडवत नाही.

पहिली भेट या आठवड्यातच, आणि मानसोपचारतज्ज्ञासोबत फिजिशियनचीही. नाडी आणि रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर असे दोन्ही मोजायला सांगा. ईसीजी, सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, साखर, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, थायरॉइड. नेहमीच्या पॅकेजमध्ये फॉस्फेट आणि मॅग्नेशियम बहुधा नसतात, ते वेगळे मागावे लागतात. उलट्यांनी पोटॅशियम घटतं आणि हृदयाचे ठोके अनियमित होतात. या आजारातल्या अचानक मृत्यूंमागे हे एक मोठं कारण आहे. जुलाबाच्या गोळ्यांचंही तेच. त्या मोठ्या आतड्यावर काम करतात, अन्नाचं शोषण त्याआधीच लहान आतड्यात झालेलं असतं, त्यामुळे जातं ते पाणी आणि क्षार. हे तिला शांतपणे सांगितलंत तर उपयोग होऊ शकतो. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून निर्धास्त मात्र राहू नका. शरीर शेवटपर्यंत आकडे सांभाळतं.

दिवसा जागेपणी नाडी ५० च्या खाली, उभं राहताच भोवळ, बेशुद्धी, छातीत धडधड, पाणीसुद्धा न घेणं, रक्ताची उलटी, किंवा मरणाची भाषा, यातलं एकही असेल तर भेटीची वाट न बघता मोठ्या रुग्णालयात न्या.

दोन चुका फार होतात. एक, अशक्तपणा आला की जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावून घेणं. पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच पोटात नसलेल्या माणसाला एकदम साखर किंवा भरपूर जेवण मिळालं, की इन्शुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. पहिल्या आठवड्यात हृदय आणि मेंदू यांना गंभीर धोका होऊ शकतो. म्हणून अशा अवस्थेत आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याने वाढवतात, आधी बी-१ जीवनसत्त्व देतात आणि रक्त पुन्हा पुन्हा तपासतात. दुसरी चूक, पाळी आणण्यासाठी हार्मोनच्या गोळ्या. रक्तस्राव येतो, घरच्यांना हायसं वाटतं, पण ती पाळी गोळ्यांची असते. हाडांची झीज त्या गोळ्यांनी थांबत नाही आणि वजन पुरेसं झालं की नाही हे सांगणारी एक खूणही हातची जाते.

नैराश्याशिवाय बरोबर काय असू शकतं? चिंतेचे आजार आणि ओसीडी (नको असलेले विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) बऱ्याचदा खाण्याच्या आजाराच्या कितीतरी आधी, लहानपणीच सुरू झालेले असतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना कागदावर कालक्रम लिहून न्या: शाळेत असताना अति धास्ती होती का, वस्तू एका रेषेत लावणं, हात धुणं, एक मार्क गेला तरी रडणं, उदासी वजन घटण्याआधीची की नंतरची. हा कागद तपासणीइतकाच मोलाचा आहे. विधी फक्त ताटाभोवती असतील, म्हणजे मोजणं, बारीक तुकडे करणं, तर पोषण सुधारलं की ते बरेचदा सैल होतात. इतरत्रही असतील तर ओसीडीवर वेगळे उपचार लागतात. खाणं-ओकणं असतं तिथे स्वतःला इजा करणं, दारू आणि लहानपणी झालेला अत्याचार याबद्दल एकांतात विचारायला हवं. एडीएचडीची (लक्ष न लागणं, अति चंचलपणा यावरची) गोळी चालू असेल तर तीही सांगा, काहींनी भूक मरते. आणि चव, वास, पोत सहन होत नाही म्हणूनच कुणी खात नसेल, शरीराच्या आकाराची फिकीर नसेल, तर तो वेगळाच आजार. तो ऑटिझम असलेल्यांमध्ये जास्त दिसतो.

आत्महत्येचे विचार येतात का, हे थेट विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

गोळ्या स्वतःहून बंद करू नका. पण वजन फार घटलेलं असताना नैराश्याची औषधं नीट लागू पडत नाहीत, हे डॉक्टरांशी बोला. बुलिमियात फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध उपयोगी पडतं, तेही सहसा नैराश्यापेक्षा जास्त, ६० मिलिग्रॅमच्या मात्रेत. ब्युप्रोपिऑन हे नैराश्यावरचं दुसरं औषध मात्र अ‍ॅनोरेक्सिया आणि बुलिमियात देत नाहीत, कारण फिट येण्याचा धोका वाढतो. तिच्या चिठ्ठीवर ते असेल तर आजच फोन करा.

मुख्य उपचार मात्र जेवण आणि बोलणं. आजार तीन वर्षांच्या आतला असेल आणि मूल घरी असेल, तर लंडनच्या मॉड्‌स्ली रुग्णालयात घडलेली कुटुंबाधारित पद्धत किशोरवयात सर्वात भरवशाची ठरली आहे: आधी जेवणाचा ताबा पालकांकडे, मग हळूहळू परत मुलीकडे. १९ व्या वर्षी तिची संमती हवी, पण एक सत्र कॉलेजला सुट्टी घेऊन घरी येणं मी तरी आग्रहाने सुचवेन. मेसच्या ताटावर कुणाचं लक्ष नसतं. घरी तीन जेवणं आणि दोन-तीन वेळा मधलं खाणं, तीन-चार तासांपेक्षा जास्त खंड नाही. रात्रीचा अधाशीपणा हा दिवसाच्या उपासाचा परिणाम आहे, दिवसा पोटभर खाणं झालं की रात्र बहुतेक सावरते. ताट दुसऱ्याने वाढावं: वरण-भात, तूप, पोळी, भाजी, दही. अर्धी पोळी कमी करण्यावरून वाटाघाटी नकोत, रागावणंही नको. ‘हे अवघड आहे हे कळतंय मला, पुढचा घास घे’ एवढंच. जेवणानंतर तासभर कुणीतरी सोबत बसावं, सिनेमा लावावा, पत्ते खेळावेत. उलटी झालीच तर लगेच दात घासू देऊ नका, आम्लाने मऊ झालेलं आवरण झिजतं. पाण्याने चूळ पुरे.

शरीरावर कुणीही बोलायचं नाही. ‘आता कशी छान भरलीस’ हे मावशीचं कौतुक तिला ‘जाड झालीस’ असंच ऐकू येतं. आणि वजन वाढू लागलं की तिचं रडणं, भांडणं काही काळ वाढेल. अनेक घरं नेमकी तिथे माघार घेतात. शरीर पुढे जातं, मन काही महिने मागे राहतं. त्या काळात थेरपी सोडू नका. जेवण काही आठवडे स्थिर झालं की नैराश्याचं निदान पुन्हा तपासून घ्या.

दाखल करावं लागलं तर विमा कंपनी ‘मानसिक आजार बसत नाही’ म्हणू शकते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१(४) नुसार मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण देणं बंधनकारक आहे. नकार आला तर तो लेखी मागा आणि विमा लोकपालाकडे तक्रार करा.