रिपोर्टमध्ये काही नाही, तरीही दुखते

“रिपोर्टमध्ये काहीच निघालं नाही, मग हिला दुखतं कसं?” नाशिकमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न मला रुग्णांपेक्षा त्यांच्या घरच्यांकडूनच अधिक वेळा ऐकू येतो. निफाडकडच्या, द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या, जुन्या कंबरदुखीने त्रासलेल्या एका चाळिशीतल्या ताईंच्या सासूबाईंनीही तोच विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ताई मान खाली घालून शांत बसल्या होत्या, आणि त्यांची ती शांतताच घरात त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली होती.

मी मूळची परिचारिका आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या वेदनेत नाडी, रक्तदाब आणि चेहरा बहुधा नेहमीसारखेच दिसतात, म्हणून त्यांवरून दुखणे खरे की खोटे हे ठरवता येत नाही. मार्गो मॅकॅफरी या अमेरिकी परिचारिकेने १९६८ मध्येच सांगितले होते की, रुग्ण जिला वेदना म्हणतो तीच वेदना. मूळ इजा भरून आली तरी मज्जारज्जू आणि मेंदूतील वेदनेचे मार्ग अतिसंवेदनशील राहू शकतात. एमआरआय मणक्यांची व चकत्यांची रचना दाखवतो, ही संवेदनशीलता दाखवत नाही. सासूबाईंना हे सांगायला मला अर्धा तास लागला, आणि तो वेळ वाया गेला असे मला वाटत नाही.

शून्य ते दहा या मापावर ताईंनी सात सांगितले. पण नुसत्या आकड्यावर थांबणे मला पटत नाही. कसे दुखते, असे विचारल्यावर आधी “लई दुखतं” एवढेच उत्तर आले; थोडे थांबल्यावर त्या म्हणाल्या, “कमरेत ठणकतं, पण पोटरीत आग होते, मुंग्या येतात.” ठणका वेगळा आणि आग, मुंग्या वेगळ्या, त्या मज्जातंतूकडे बोट दाखवतात आणि नेहमीच्या वेदनाशामकांना सहसा फारशा दाद देत नाहीत. पायातली ताकद आणि लघवी-शौचावरचा ताबा ठीक असल्याची खात्री करून मी हे शब्द जसेच्या तसे डॉक्टरांसाठी लिहिले. मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या त्या रोज उपाशीपोटी घेत होत्या, हेही तेव्हाच कळले. अशा गोळ्यांनी जठराला व्रण पडू शकतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून शौचाचा रंग काळा होतो का, हेही विचारले.

बरे वाटले की त्या दिवसभराचे काम उरकत आणि पुढचे दोन दिवस अंथरुणाला खिळत. म्हणून दुखू लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी बसायचे आणि झोप, काम व वेदना यांची रोज नोंद ठेवायची, असे ठरले. वही त्यांची मुलगी लिहू लागली. डॉक्टरांनीही औषध बदलले.

सहा आठवड्यांनी आकडा पाचावर होता, मात्र कूस बदलताना झोप मोडत नव्हती. द्राक्षवेलींची एप्रिलची खरड छाटणी तोंडावर आली होती. सासूबाईंनी विचारले, “हिला सलग किती वेळ उभं राहू द्यायचं?” मी वही ताईंच्या हातात दिली आणि ते त्यांनाच विचारायला सांगितले.