नव्या ग्राहक-सभासदाला

शेतकऱ्यांच्या सहकारी गटात ग्राहक म्हणून येताय ना, मग हंगामाचे पैसे पेरणीआधीच भरा. बियाणं, मजुरी यांना रोख तेव्हाच लागते. ती तुमच्याकडून आली की शेतकऱ्याला सावकाराचं दार ठोठावावं लागत नाही. फ्रान्समधले शेतकरी-ग्राहकांचे ‘आमाप’ गट २००१ पासून अशाच आगाऊ करारावर चालतात. गारपीट झाली तर तुमच्या वाट्याची भाजीची टोपली हलकी येईल. ती जोखीम आपण मिळून घेतलेली असते, तेव्हा परतावा मागू नका. अळीनं कुरतडलेली पानं काढून भाजी खुशाल शिजवा.

सर्वसाधारण सभा मात्र चुकवू नका, माझ्या लेखी तीच सगळ्यांत महत्त्वाची. भाव कसा ठरला, शेतात राबणाऱ्या बायकांच्या हातात किती पडले, हे तिथे उघडपणे विचारता येतं. आणि मत मागायला उमेदवार आला की पिकातलं बियाणं पुढच्या पेरणीसाठी राखण्याच्या शेतकऱ्याच्या हक्कावर त्याची भूमिका विचाराच.