महामारीच्या काळात खेड्यातील किशोरवयीन मुलांचा लसीला खरोखर विरोध होता का?

आपण विचारले आहे की पंधरा ते अठरा वर्षांची ग्रामीण मुले करोनाची लस स्वतःच्या मताने नाकारत होती, की केवळ घरच्यांचे ऐकून मागे राहत होती. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात मी नववी ते बारावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. माझ्या अनुभवात खरा विरोध फार थोड्यांचा होता. बहुतेकांच्या मनात अगदी नेमक्या शंका होत्या, पण त्या कोणी त्यांना विचारल्याच नव्हत्या. विचारले जाई ते आई-वडिलांना.

या वयोगटाचे लसीकरण 3 जानेवारी 2022 रोजी सुरू झाले. 2007 किंवा त्यापूर्वी जन्मलेल्यांना कोव्हॅक्सिनच्या दोन मात्रा 28 दिवसांच्या अंतराने द्यायच्या होत्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की यांपैकी बहुतेक मुलांनी 2018 च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या मोहिमेत गोवर-रुबेलाची लस शाळेतच, रांगेत उभे राहून, फारशी खळखळ न करता घेतली होती. मधल्या काळात त्यांनी मोठ्या माणसांच्या लसीकरणावरची चर्चा वर्षभर घरात ऐकली आणि लस घेतलेला माणूस दोन वर्षांत मरतो, असे संदेश मोबाइलवर वाचले. त्यातच 31 जानेवारी 2021 रोजी आमच्याच जिल्ह्यात 12 बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. त्या घटनेत लसीचा काहीही दोष नव्हता. तरीही ती आठवून जी आई कचरली, तिला अडाणी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

मुलींची शंका वेगळी होती आणि ती वर्गात कधीच बाहेर आली नाही. तास संपल्यावर अकरावीतली एक मुलगी मैत्रिणीला सोबत घेऊन थांबली आणि खाली पाहत म्हणाली, ‘‘मॅडम, माही आजी म्हनते का सुई घेतली तं पुढं लेकरू होत नाही.’’ मैत्रिणीने पाळीबद्दल विचारले. मी त्यांना सांगितले की या लसीतला विषाणू निष्क्रिय केलेला असतो, त्यामुळे तो शरीरात वाढू शकत नाही; लसीमुळे वंध्यत्व येते याला कोणताही पुरावा नाही; पाळी मात्र काहींची थोडी पुढेमागे होऊ शकते आणि नंतर पूर्वीसारखी येऊ लागते. ही शेवटची गोष्ट लपवली असती, तर आधीच्या दोन्हींवर त्यांनी विश्वास ठेवला नसता, असे मला आजही वाटते. नंतर आमच्या आशाताईंनी मुलींशी वेगळे बोलण्यासाठी वेळ काढला आणि तिथे प्रश्नांची रीघ लागली.

मुलांना सुईची भीती वाटत होती, पण ती कबूल करण्यापेक्षा ‘‘बाबा नाही म्हणतात’’ असे सांगणे त्यांना सोपे जाई. किशोरवयात सुई टोचल्यावर भोवळ येण्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असते आणि त्याचे कारण बहुधा लसीतला घटक नसून भीती व ताण हे असते. रांगेत एकाला चक्कर आली की मागच्यांनाही मळमळू लागते. म्हणून सकाळी काही खाऊन या, बसूनच सुई घ्या, नंतर अर्धा तास इथेच थांबा, हे आदल्या दिवशी सांगणे लांबलचक भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडले.

दुसरी अडचण मजुरीची होती. जानेवारीत कापसाची वेचणी चालू असते आणि वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. ज्या घरातली दहावी-बारावीची मुलेही वावरात जातात, त्या घराला दोन दिवसांचा ताप म्हणजे दोन दिवसांची कमाई बुडणे. हा हिशेब अंधश्रद्धेचा नाही. लस शनिवारी द्या, अशी मागणी काही पालकांनी केली, ती मला रास्त वाटली.

परिसरात काही ठिकाणी मुलांना सांगितले गेले की लस घेतली नाही, तर परीक्षेला बसू देणार नाहीत. लसीकरण ऐच्छिक होते, त्यामुळे ही धमकी खोटी होती. तिच्यामुळे पहिल्या मात्रेची रांग वाढली असेल, पण धाकाने आलेली मुले दुसऱ्या मात्रेला फिरकेनाशी झाली. ताप येऊ शकतो हे आधी माहीत असलेली मुले मात्र ताप येऊनही परत आली.

लस घेऊनही करोना होतो, मग ती कशाला, हा प्रश्न मुलांनी सर्वांत जास्त विचारला आणि तो अगदी योग्य होता. लसीने संसर्ग पूर्णपणे टळत नाही, ती गंभीर आजाराचा धोका कमी करते, एवढे सरळ उत्तर त्यांना पुरत असे. 16 मार्च 2022 पासून बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना कॉर्बेव्हॅक्स मिळू लागली, तेव्हा धाकट्यांनी हाच प्रश्न आधी आपल्या मोठ्या भावंडांना विचारला, आणि माझ्यापर्यंत पोहोचण्याआधीच बऱ्याच जणांना घरी उत्तर मिळालेले होते.