इन्डेम्निटी किती लाखांची घेऊ?

नोकरी सोडून स्वतःचं हॉस्पिटल काढणारे डॉक्टर माझ्याकडे येतात ते बहुधा कर्जाचा ताण, घराची ओढाताण नाहीतर भागीदारीतले रुसवेफुगवे घेऊन. पण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत एक प्रश्न हमखास निघतो : "मॅडम, इन्डेम्निटी किती लाखांची घेऊ?" इन्डेम्निटी म्हणजे उपचारात निष्काळजीपणा झाल्याचा दावा आला, तर भरपाई आणि वकिलाचा खर्च उचलणारा विमा.

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ दहा खाटांचं मॅटर्निटी होम काढणारी एक स्त्रीरोगतज्ज्ञ पहिल्याच भेटीत हा प्रश्न घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नवरा बालरोगतज्ज्ञ, सासरे निफाडचे द्राक्षबागायतदार. मशिनरीसाठी त्यांनी जमीन तारण ठेवलेली. एजंटानं 1 कोटीची पॉलिसी सुचवली होती, हिनं ती 2 कोटींवर नेली आणि आता 5 चं चाललं होतं. आकडा वाढला तरी झोप लागत नव्हती. कोलकात्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2013 साली सुमारे 6 कोटींची भरपाई दिली होती, ती बातमी तिनं मोबाईलमध्ये जपून ठेवली होती.

मी तिला ती बातमी शेवटपर्यंत वाचायला लावली. त्या रकमेपैकी तिघा डॉक्टरांच्या वाट्याला मिळून 25 लाख आले, बाकीचे रुग्णालयानं द्यायचे होते. "आता तुमच्याकडे रुग्णालयही तुम्हीच," मी म्हटलं. डॉक्टरच्या नावची पॉलिसी वेगळी आणि हॉस्पिटलची वेगळी. तक्रारदार सहसा दोघांनाही तक्रारीत पार्टी (विरुद्ध पक्ष) करतो, आणि सिस्टरच्या हातून काही चुकलं तर प्रश्न हॉस्पिटलला विचारला जातो. एजंटाच्या कोटेशनमध्ये हॉस्पिटलचं नाव कुठेच नव्हतं.

मग ते कोटेशनच नीट वाचलं. 1 कोटी ठळक अक्षरात, आणि खाली बारीक टायपात 1:4. हे काय, ते नवऱ्यालाही माहीत नव्हतं. एका दाव्याची मर्यादा आणि वर्षभराची मर्यादा यांचं ते प्रमाण. म्हणजे वर्षाला 1 कोटी खरे, पण एका केसला जास्तीत जास्त 25 लाख. 1:1 घेतलं तर एकाच केसला पूर्ण कोटी वापरता येतात, हप्ता अर्थातच जास्त. बाळंतपणाच्या कामात चार लहान दाव्यांपेक्षा एका मोठ्याची धास्ती अधिक, म्हणून माझं मत 1:1 च्या बाजूचं. शिवाय वकिलाचा खर्च बहुतेक पॉलिसींत याच रकमेतून जातो.

डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे 1995 पासून ठरलेलं आहे. 2019 च्या कायद्यानं एक गोष्ट बदलली : तक्रार जिल्हा, राज्य की राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे जाणार हे आता मागितलेल्या भरपाईवर नाही, पेशंटनं भरलेल्या बिलावर ठरतं. सिझेरियनचं बिल काही हजारांचं असलं तरी कोटीची मागणी नाशिकच्या जिल्हा आयोगातच करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या बिलाला तक्रारीचं शुल्कही नाही. अर्थात मागितलेले आणि मंजूर झालेले पैसे यांत बराच फरक असतो, हेही तिला सांगितलं.

पुढच्या भेटीला सासरेही आले. "बागेचा विमा हंगामाचा असतो. गारपीट ज्या हंगामात झाली, त्या हंगामाची पॉलिसी बघतात. यांचं तसंच ना?"

"नाही काका, यांचं उलटं." या पॉलिसीत दावा येतो तेव्हा कुठली पॉलिसी चालू आहे ते बघतात, आणि घटना 'रेट्रो डेट'च्या नंतरची असावी लागते. रेट्रो डेट म्हणजे साधारणपणे पहिली पॉलिसी सुरू झाली तो दिवस. दर वर्षी वेळेत रिन्यू केली तर तीच पुढे चालते. एकदा खंड पडला की नवी तारीख लागू शकते आणि मागची सगळी बाळंतपणं उघड्यावर पडतात. कंपनी बदलली तर जुनी तारीख नव्या पॉलिसीवर छापून घ्यायची. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असली तरी सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो.

"म्हणजे बाग विकल्यावरही हप्ता भरायचा?" काका म्हणाले. काही वर्षं तरी, हो. त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

हे चाललं असताना ती प्रस्तावाच्या फॉर्मचा एकच कोपरा दुमडत होती, उलगडत होती. मी फॉर्म मागून घेतला. 'दावा होऊ शकेल अशी एखादी घटना आपणास ठाऊक आहे काय?' या रकान्यात एजंटानं पेन्सिलीनं 'नाही' लिहून ठेवलं होतं.

"मॅडम, एक आहे."

आधीच्या नोकरीतली. डिलिव्हरीनंतर रक्तस्राव थांबेना, जीव वाचवायला गर्भाशय काढावं लागलं. पेशंट वाचली. नातेवाइकांनी आरडाओरडा केला, केसपेपरच्या झेरॉक्स नेल्या, आणि पुढे काहीच झालं नाही. हे तिनं घरीही कुणाला सांगितलं नव्हतं. 5 कोटींचा आकडा कुठून येत होता, ते मला तेव्हा कळलं. त्या दिवशी विमा बाजूला ठेवून त्या रात्रीबद्दलच बोललो. संमती केव्हा घेतली, रक्ताच्या पिशव्या केव्हा मागवल्या, कुणाला फोन केला, सगळं तिला वेळेसकट आठवत होतं, आणि केसपेपरवर लिहिलेलंही होतं.

फॉर्ममध्ये खरंच लिहायचं. माहिती लपवल्याचं पुढे उघड झालं तर कंपनी नेमक्या गरजेच्या वेळी हात वर करू शकते, आणि 'उगाच कशाला लिहिता' म्हणणारा एजंट तेव्हा शेजारी उभा नसतो. लिहिल्यावर नवी कंपनी ती एक घटना वगळेल हेही तिला सांगितलं. पण ती नोकरीतली घटना होती, तिचा विचार जुन्या हॉस्पिटलच्या पॉलिसीत व्हायचा. आपलं नाव त्या पॉलिसीत होतं का आणि ती आजही चालू आहे का, असा ईमेल तिनं त्याच संध्याकाळी पाठवला. बऱ्याचदा आठवण करून दिल्यावर पॉलिसीची प्रत आली. नाव होतं.

विम्याच्या हातात काय नाही, तेही बोललो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 (निष्काळजीपणामुळे मृत्यू) खालची शिक्षा किंवा दंड विमा भरत नाही. त्यासाठी निष्काळजीपणा घोर असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्येच सांगितलं आहे. मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी रिन्यू करायची, ती राहिली तर पॉलिसीही अडचणीत. रात्रपाळीच्या आरएमओची, म्हणजे निवासी डॉक्टरची, जी पदवी असेल तीच प्रस्तावात लिहायची.

शेवटी दोघांच्या स्वतंत्र पॉलिसी 1:1 नं, प्रत्येकी 1 कोटीच्या, आणि हॉस्पिटलची वेगळी घेतली. नोटीस आली की त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवायचं, आणि कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करून द्यायची नाही की पैशाची तडजोड करायची नाही, असं रिसेप्शनच्या फाईलमध्ये लिहून ठेवलं. पेशंटच्या माणसांशी बोलणं मात्र बंद करायचं नाही, हा माझा हट्ट. कित्येक भांडणं डॉक्टर भेटेनासे झाल्यावर पेटतात.

बाहेरून येणाऱ्या भूलतज्ज्ञांकडे त्यांच्या पॉलिसीची झेरॉक्स मागायची एवढं राहिलं होतं. ते तिचे सीनियर, तिला अवघड वाटत होतं. तो फोन नवऱ्यानं करायचा असं ठरलं.