पोरीचं लग्न व्हायचंय, कॅन्सरचं कोणाला सांगू नका!

"मॅडम, हे बाहेर नाही ना जाणार?"

मी समुपदेशक आहे, कॅन्सर झालेली किंवा होऊन गेलेली बाई माझ्यासमोर येऊन बसली की बहुतेक वेळा पहिलं वाक्य हेच असतं. रिपोर्ट, खर्च, केमोचा त्रास, परत होईल का ही धाकधूक, हे सगळं नंतर. आधी लोकांना कळेल का ते. पुरुष पण विचारतात, पण ते धंद्याचं नाहीतर नोकरीचं कारण सांगतात, बायका म्हणतात पोरीचं लग्न व्हायचंय. फिट्स असो, डायलिसिस असो, अगदी साधी शुगर असली तरी लग्नाच्या घरात गोळ्या पर्सच्या चोरकप्प्यात जातात. आणि आता त्यात एक नवीन भर पडलीय. ४ फेब्रुवारीचा जागतिक कॅन्सर दिन, ७ नोव्हेंबरचा आपला राष्ट्रीय कॅन्सर जागरूकता दिन, ऑक्टोबर तर अख्खा स्तनांच्या कॅन्सरचा, म्हणून कार्यक्रम वाढलेत, आणि कार्यक्रमाला 'बरी झालेली बाई' लागते, मग ज्या बाईनं शेजारणीला सुद्धा सांगितलेलं नसतं तिला एकदम माईकसमोर उभं राहा म्हणतात. माझ्याकडे गेल्या काही महिन्यांत हाच प्रश्न इतक्या वेळा आला की वाटलं एकदा नीट लिहावंच.

ज्यांची गोष्ट सांगतेय त्यांना विचारूनच लिहितेय, नाव बदललंय, काही तपशील पण. शारदाताई म्हणू.

शारदाताई सोलापूरच्या विडी घरकुल भागात राहतात. लग्न होऊन आल्यापासून विड्या वळतात, म्हणजे कारखान्यातून पानं तंबाखू आणायची, घरी कातरून वळायच्या, हजाराच्या हिशोबानं नेऊन द्यायच्या. डाव्या बाजूला स्तनात गाठ निघाली, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं, सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसलं. माझ्याकडे आल्या तेव्हा ट्रीटमेंट संपून दीड दोन वर्षं झाली होती, तब्येत चांगली. त्यांना घेऊन आली ती त्यांच्या भागातली आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची स्वयंसेविका, कारण तिनंच त्यांना तपासणी शिबिरात बोलाल का असं विचारलं होतं आणि त्या दिवसापासून बाईंची झोप उडाली होती.

"ती म्हणते नुसते दोन शब्द बोला. दोन शब्दात माझ्या पोरीचं आयुष्य जाईल मॅडम."

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. केमो दर २१ दिवसांनी असायची तेव्हा गल्लीत सांगायच्या, बार्शीला भगवंताच्या दर्शनाला चाललेय. केस गेले तेव्हा सांगितलं तिरुपतीला देऊन आले. हे सांगताना त्या रडल्या. आजार सांगताना रडल्या नव्हत्या, इथे रडल्या. "दोन दोन देवांच्या नावानं खोटं बोलले, त्याचं पण फेडावं लागंल." मुलगी बावीस वर्षांची, गारमेंटच्या युनिटमध्ये कामाला, तिला पण शपथ घातलेली की मैत्रिणीला सुद्धा बोलायचं नाही.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ पद्धतीनं काम करते, आपल्याकडे कि. मो. फडके यांच्यामुळे ती मराठी माणसाला ओळखीची झाली. त्यातली भारी नावं समोरच्याला सांगायची गरज नसते, मी तर कधीच सांगत नाही. भीती ही धुक्यात असते तोवरच मोठी दिसते, म्हणून मी माणसाला एकच काम लावते, जी भीती आहे ती पूर्ण शेवटपर्यंत बोलून बघायची.

"लोक म्हणजे नक्की कोण कोण?"

बराच वेळ विचार करून त्यांनी नावं घेतली. जाऊ. समोरच्या घरातली एक. कारखान्यातल्या दोघी. मी म्हटलं, "ताई, सोलापूर साडेनऊ लाखांचं, आणि तुमचे 'लोक' चार निघाले." त्यावर त्या म्हणाल्या, "चारच बास असतात मॅडम." ते खरंच होतं आणि मी ते मान्य केलं, कारण भीती खोटी आहे असं सांगून कोणाची भीती जात नाही.

"बरं, त्यांना कळलं. मग?"

"एखादी स्थळाला जाऊन सांगंल. स्थळ मोडंल."

"मोडेल," मी म्हणाले. "एखादं मोडेलही."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. तुम्हीच असं काय बोलूलालाव मॅडम, असा तो चेहरा होता. सगळ्यांनी त्यांना 'काही होत नाही हो' असंच सांगितलेलं. मी विचारलं, आणि लपवून जमलं तर? लग्नानंतर दरवर्षी तुमचं चेकअप असणार, तेव्हा पोरगी सासरी काय सांगेल, भगवंताचं दर्शन? त्या काही बोलल्या नाहीत. मी शरद पवारांचं उदाहरण दिलं, २००४ मध्ये त्यांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि ते उघडपणे तंबाखू गुटख्याबद्दल बोलत आलेत. त्यावर लगेच उत्तर, "ती मोठी माणसं, त्यांना कोण काय म्हणणार." हे उदाहरण चालत नाही हे मला अनुभवानं माहीत आहे, तरी मी देते, कारण त्यातून बाई स्वतःच्या परिस्थितीबद्दल जास्त खरं बोलायला लागते.

पुढच्या भेटींमध्ये आम्ही लग्नाचा विषय बाजूला ठेवला. मी मागे गेले, गाठ पहिल्यांदा हाताला लागली तिथपर्यंत.

"तेव्हा कोणाला सांगितलंत?"

"कोणालाच नाही. दुखतच नव्हती ना. आठ महिने गेले."

"डॉक्टरांनी विचारलं असेल, घरात आधी कोणाला होतं का."

"विचारलं. मी नाही म्हणाले." मग जरा थांबून, "पण तसं नव्हतं. मला माहीतच नव्हतं. आईची धाकटी बहीण गेली होती, आम्हाला काविळीनं गेली असंच सांगितलेलं. माझं ऑपरेशन ठरलं तेव्हा आई म्हणाली, तिला पण छातीतच होतं."

"आईनं इतकी वर्षं का नाही सांगितलं?"

"तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं ना."

हे वाक्य त्यांनी अगदी सहज म्हटलं. आणि म्हटल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं. मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं तोंड बंद ठेवणं हे सगळ्यात मोठं कौशल्य आहे असं माझं ठाम मत आहे, इतक्या वर्षांनी मला ते जमतं आणि त्याचा मला अभिमान आहे. खालून रिक्षांचे आवाज येत होते, त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या सोडत होत्या, बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "म्हणजे मी पण तेच करूलाले." परत थोड्या वेळानं, "आईनं माझं लग्न वाचवलं आणि माझे आठ महिने घालवले. आता माझ्या पोरीच्या हाताला उद्या काय लागलं तर ती पण गप्पच बसंल, मीच शिकवलंय तिला."

मला जे सांगायचं होतं ते त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. आजार लपवला की आपल्याला वाटतं आपण मुलीला वाचवतोय, पण मुलीला त्यातून दोन गोष्टी मिळतात, एक म्हणजे घराण्यात काय होतं याची माहितीच मिळत नाही, आणि दुसरं, शरीरात काही झालं तर गप्प बसायचं हा धडा मिळतो. लग्न जमतं, पण धडा पुढच्या घरी तसाच जातो.

इथे एक गोष्ट नीट सांगते, कारण घाबरून लोक उलटं टोक गाठतात. स्तनांच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक बदलामुळे झालेले असतात. आईला झाला म्हणजे मुलीला होणारच असं अजिबात नाही. पण आई, मावशी असं एकाच बाजूला एकापेक्षा जास्त जणींना झालेला असेल तर ते डॉक्टरांना कळलंच पाहिजे, मुलीची तपासणी कधीपासून सुरू करायची, जीन टेस्टची गरज आहे का हे ते ठरवतात. शारदाताई पुढच्या फॉलोअपला मुलीला सोबत घेऊन गेल्या आणि मावशीचं सगळं डॉक्टरांना सांगितलं. माझ्या दृष्टीनं खरं काम तिथेच झालं, शिबिरात बोलल्या नसत्या तरी चाललं असतं.

आता सांगायचं कसं. आम्ही एकदम गल्लीला सांगायला गेलो नाही, आधी एकच माणूस निवडला, जाऊ, म्हणजे यादीतलं पहिलंच नाव. जाऊबाई ऐकून काय म्हणाल्या तर, "मला काय माहीत नव्हतं व्हय? दर एकवीस दिवसाला कोण भगवंताला जातंय? तू बोलत नव्हतीस म्हणून मी पण गप्प. सांगितलं असतंस तर डबा तरी दिला असता." शारदाताई हे सांगताना हसत पण होत्या आणि चिडल्या पण होत्या. हे मी खूप घरांत बघितलंय, लपवलेलं निम्म्या लोकांना माहीत असतं, फक्त त्यांची मदत आपल्यापर्यंत पोचत नाही.

सगळं गोड झालं नाही. कारखान्यातल्या एकीनं आपलं विड्या वळायचं सूप उचलून लांब नेऊन ठेवलं. कॅन्सर शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, शेजारी बसल्यानं होत नाही हे आपण कितीही सांगितलं तरी असं वागणारी माणसं भेटतात, आणि ते लागतं. एक स्थळही पुढे आलं नाही, कारण सांगितलं नाही पण कळतंच. त्या दिवशी शारदाताई माझ्याकडे आल्या, मला वाटलं आता परत मागे जातील. त्या म्हणाल्या, "बरं झालं आधीच गेले. असल्या घरात पोरगी आजारी पडली असती तर काय केलं असतं त्यांनी." मी वहीत लिहून ठेवलंय ते.

शिबिराचं त्यांनी शेवटी हो म्हटलं, पण आम्ही अटी ठरवल्या आणि त्या मी आशाताईला स्पष्ट सांगितल्या. फोटो नाही, बॅनरवर नाव नाही, शाल-श्रीफळ नाही, स्टेजवर नाही तर बायकांमध्ये बसूनच बोलणार. किती सांगायचं ते पण त्याच ठरवणार, नवऱ्याबद्दल, ऑपरेशननंतरच्या शरीराबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायचं बंधन नाही. 'कॅन्सरशी झुंज' वगैरे शब्द मी काढायला लावले, कारण त्यानं ऐकणाऱ्या बाईला वाटतं की आपण एवढ्या शूर नाही, आपलं काही खरं नाही. त्यांनी फक्त उपयोगाचं सांगितलं, थोडं मराठीत थोडं तेलुगूत कारण तिथे निम्म्या घरांत तेलुगूच बोलतात. गाठ दुखत नव्हती म्हणून मी थांबले, तुम्ही थांबू नका. स्तनाग्र आत ओढलं गेलं, त्यातून रक्त किंवा पाणी आलं, कातडीला खड्डा पडला तरी दाखवा. बार्शीला जाताना रेशनकार्ड आधारकार्ड घेऊन जा, योजनेचं तिथे विचारा. आणि पानाचा रस, मंतरलेला दोरा यात महिने घालवू नका. पाच मिनिटांत संपलं. नंतर एक म्हातारी उठून विचारत होती, दुखत नसलं तरी दाखवायचं व्हय? तेवढ्यासाठी तो कार्यक्रम होता असं मला वाटतं.

बोलण्यानं काय होतं असं कोणी म्हणालं की मी आपल्याच जिल्ह्याचं सांगते. भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. नोंदणी करणारे लोक गावोगाव जायचे आणि जाता जाता लक्षणांबद्दल बोलायचे, लवकर दाखवा म्हणायचे, तेव्हा गावात तपासणीचं मशीन वगैरे काही नव्हतं. तरीही काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या स्टेजला दवाखान्यात यायला लागल्या. त्यानंतर शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखांपेक्षा जास्त बायकांचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये जगभर गाजले, एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टनं, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूच्या तपासणीनं, त्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्या बायका टेस्टला आल्या कारण कोणीतरी त्यांच्या दारात जाऊन बोललं होतं. आज तिशीपुढच्या सगळ्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, आशाताई फॉर्म भरायला घरी येतात, आणि आपण त्यांना दारातून परत पाठवतो.

ज्यांच्या घरात आत्ता हा प्रश्न आहे त्यांच्यासाठी थोडं. गल्लीला सांगायचं की नाही हा पूर्ण तुमचा निर्णय आहे, नाही सांगितलं तरी तुम्ही काही चूक करत नाही, जनजागृती हे आजारी माणसाचं कर्तव्य नव्हे. पण मोठ्या झालेल्या मुलांना सांगा, आणि आजाराचं खरं नाव सांगा. काविळ, अल्सर, देवदर्शन नको. मुलांना फक्त 'कोणाला सांगू नको' म्हणू नका, 'तुला काही झालं तर मला लगेच सांग' हे पण म्हणा. लग्नाच्या बाबतीत पहिल्या फोनवर सगळी फाइल उघडायची गरज नाही, पण बोलणी पुढे सरकली की शांतपणे, पाया न पडता, माफी न मागता सांगायचं, मला हा आजार झाला होता, उपचार झाले, मुलगी तब्येतीनं ठीक आहे, काही विचारायचं असेल तर विचारा. संस्थावाल्यांना आणि मंडळांना विनंती, बाई नाही म्हणाली तर परत परत विचारू नका, आणि हो म्हणाली तर फोटो टाकायच्या आधी तिला दाखवा.

शारदाताईंच्या मुलीचं अजून जमलेलं नाही, बघणं चालू आहे. दुसऱ्या भेटीत आपणच मुलाला आईचं सांगायचं असं तिनं ठरवलंय, आई बाहेर बसणार.