गुन्हा कबूल केला, तरी शिक्षेविरुद्ध अपील करता येते का?

प्रश्न : आम्ही चोपडा तालुक्यातील शेतकरी आहोत. माझा धाकटा भाऊ बावीस वर्षांचा आहे. गेल्या हिवाळ्यात तो आणि त्याचे दोन मित्र यांनी एका केळी व्यापाऱ्याच्या मुनिमाला रस्त्यात अडवून पैशांची पिशवी हिसकावली. मोटारसायकल माझा भाऊ चालवत होता. मित्रांपैकी एकाने मुनिमाच्या हातावर लोखंडी सळई मारली, त्यात हाड मोडले. पिशवी आणि बहुतेक रक्कम पोलिसांनी जप्त केली. कारागृहात एका कैद्याने भावाला सांगितले की कबूल करून टाक, वर्षभरात सुटशील. त्याने घरी न विचारता सत्र न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्याला सात वर्षे सक्तमजुरी व दंड अशी शिक्षा झाली. दोघा मित्रांनी कबुली दिली नाही, त्यांचा खटला अजून चालू आहे. गावातील जाणकार म्हणतात की कबुली दिली की अपील नसते. हे खरे आहे काय? मुनिमाशी तडजोड केली तर शिक्षा रद्द होईल काय?
(एक वाचक, ता. चोपडा)

उत्तर : जाणकारांचे म्हणणे अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावर तुमच्या भावाची पुढची काही वर्षे अवलंबून आहेत. मुदतीचा प्रश्न असल्यामुळे अपिलाची सूचना तुम्हाला टपालाने आधीच कळवली आहे. येथे तिच्यामागची कारणे सविस्तर देतो, कारण कबुली म्हणजे सगळे संपले असे मानून मुदत घालवणारी कुटुंबे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांत आहेत.

घटना १ जुलै २०२४ नंतरची असल्यामुळे तिला भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हे नवे कायदे लागू होतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१६ प्रमाणे, आरोपीने गुन्हा कबूल केला आणि त्या कबुलीवरून सत्र न्यायालयाने त्याला दोषी ठरवले, तर दोषी ठरवण्याविरुद्ध अपील करता येत नाही. मात्र शिक्षा किती दिली आणि ती कायद्याप्रमाणे देता येत होती काय, या दोन मुद्द्यांवर अपील करण्याचा हक्क तेच कलम राखून ठेवते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७५ मध्येही हीच तरतूद होती. म्हणजे ‘मी त्या ठिकाणी नव्हतोच’ असे तुमच्या भावाला आता म्हणता येणार नाही. ‘मला दिलेली शिक्षा माझ्या कृत्याला लागू होणाऱ्या कलमापेक्षा जास्त आहे’ असे मात्र म्हणता येईल, आणि तुमच्या पत्रातील हकीकत बरोबर असेल तर हे म्हणणे बरेच वजनदार आहे.

सात वर्षे हा आकडा कुठून आला, ते निकालपत्रात पाहा. न्याय संहितेच्या कलम ३०९ च्या उपकलम ६ मध्ये जबरी चोरी करताना दुखापत केल्याबद्दल जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. ती प्रत्यक्ष मारणाऱ्याला आणि त्याच्यासोबत जबरी चोरीत सामील असलेल्या प्रत्येकाला लागू होते. तेथे किमान शिक्षा ठरवलेली नाही, त्यामुळे न्यायालय तीन वर्षेही देऊ शकते आणि आठही. कलम ३११ वेगळे आहे. जबरी चोरीच्या वेळी प्राणघातक हत्यार वापरले किंवा गंभीर दुखापत केली, तर सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा देता येत नाही, असे ते सांगते, आणि हाड मोडणे ही कायद्याच्या दृष्टीने गंभीर दुखापतच आहे. नेमकी सात वर्षे शिक्षा झाली आहे, यावरून कलम ३११ तुमच्या भावालाही लावले असावे असे दिसते.

परंतु ज्याने स्वतः हत्यार वापरले किंवा स्वतः गंभीर दुखापत केली, त्यालाच ही किमान शिक्षा बांधते. जुन्या दंड संहितेतील कलम ३९७ ची शब्दरचना अशीच होती, आणि १९७५ मध्ये फूल कुमार विरुद्ध दिल्ली प्रशासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ स्पष्ट केला. समान उद्देशाच्या तरतुदीचा आधार घेऊन एकाच्या हातातील सळईचा भार दुसऱ्यावर टाकून ही किमान शिक्षा देता येत नाही. मोटारसायकल चालवणारा तुमचा भाऊ कलम ३०९ खाली पुरता अडकतो, यात शंका नाही. पण सात वर्षांच्या खाली उतरता येत नाही असे समजून त्याला शिक्षा दिली गेली असेल, तर ती चूक शिक्षेच्या कायदेशीरपणाची ठरते, आणि कलम ४१६ ने अपिलासाठी उघडा ठेवलेला मुद्दा हाच आहे.

सरकारी वकील यावर सांगतील की आरोपीने संपूर्ण आरोप मान्य केला आहे. म्हणून आरोप निश्चितीच्या वेळी न्यायालयाने त्याला नेमके काय वाचून दाखवले, ते शब्दशः मिळवा. सळई दुसऱ्याने मारली असे त्या आरोपातच लिहिलेले असेल, तर कबुलीचा अर्थही तेवढाच होतो. ‘तिघांनी मिळून मारहाण केली’ असे मोघम लिहिलेले असेल, तर काम अवघड होते, आणि फिर्याद, जखमीचा जबाब व वैद्यकीय प्रमाणपत्र यांतून कोणी काय केले हे वकिलांना दाखवून द्यावे लागेल.

शिक्षेच्या प्रमाणाचा मुद्दा त्यानंतर येतो. वय, पूर्वीचा गुन्हा नसणे, प्रत्यक्ष मारहाणीत हात नसणे, मुद्देमाल परत मिळणे आणि खटला न लांबवता दिलेली कबुली, या गोष्टी न्यायालय विचारात घेते. शिक्षा सुनावण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकले होते काय, हे रोजनाम्यावरून, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीवरून, कळेल. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची आशा मात्र धरू नका. कलम ३०९ च्या उपकलम ६ खाली जन्मठेपही देता येत असल्यामुळे १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा लाभ येथे मिळत नाही.

आता त्या कैद्याच्या सल्ल्याविषयी. कमी शिक्षेचे आमिष दाखवून कबुली घेतली गेली असेल, किंवा आरोप समजेल अशा भाषेत सांगितलाच नसेल, तर ती कबुलीच खरी नव्हती असे उच्च न्यायालयापुढे मांडता येते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत पावरी किंवा भिली बोलणाऱ्या आरोपीच्या बाबतीत हा प्रश्न अगदी खरा असतो, आणि वकिलांनी तो तपासलाच पाहिजे. थिप्पास्वामी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सौम्य शिक्षेच्या आश्वासनावर कबुली घेऊन नंतर अपिलात शिक्षा वाढवणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा) भंग करणारे ठरवले आणि खटला नव्याने चालवण्यास सांगितले. पण तुमच्या भावाला आश्वासन न्यायाधीशांनी किंवा सरकारी वकिलांनी दिले नव्हते, ते दुसऱ्या एका कैद्याने दिले होते. शिवाय हा मुद्दा यशस्वी झाला तरी त्याची सुटका होत नाही, खटला पुन्हा सुरू होतो आणि कबुलीमुळे मिळू शकणारी सवलतही जाते. माझ्या मते तुम्ही या वाटेला न जाता कलम ३११ वर भर द्यावा.

अपिलात शिक्षा वाढेल काय, अशी भीती पुष्कळांना असते. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात न्यायालय शिक्षा वाढवू शकत नाही, पण शिक्षा अपुरी आहे म्हणून सरकार वेगळे अपील करू शकते आणि उच्च न्यायालय स्वतःहूनही नोटीस काढू शकते. महाराष्ट्रातील तेल भेसळीच्या एका खटल्यात कबुलीनंतर दिलेली सौम्य शिक्षा उच्च न्यायालयाने वाढवली होती, आणि १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाढ कायम ठेवताना सौम्य शिक्षेच्या बदल्यात कबुली घेण्याच्या सौदेबाजीवर कडक टीका केली. तुमच्या प्रकरणात शिक्षा आधीच सात वर्षांची असल्याने हा धोका मला कमी वाटतो, तरी अपील करण्यापूर्वी तो भावाच्या कानावर घातलाच पाहिजे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील सत्र न्यायालयांच्या निकालांवरील अपिले मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठात होतात. मुदत निकालापासून साठ दिवसांची असते आणि नक्कल मिळण्यात गेलेला काळ त्यातून वगळला जातो. निकालाची एक प्रत कैद्याला विनामूल्य मिळायलाच हवी. रोजनामा, आरोप आणि कबुलीचा जबाब यांच्या प्रमाणित प्रतींसाठी वेगळा नक्कल अर्ज करा. मुदत टळली असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडता येतो, मात्र विलंबाचे खरे आणि पटणारे कारण द्यावे लागते. अपिलासोबत शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागावा. निकालापूर्वी तो जितका काळ कोठडीत होता, तितका शिक्षेतून वजा होतो. निकालपत्रात तसा उल्लेख करायचा राहून गेला असेल तर तोही मुद्दा मांडा.

तडजोडीने शिक्षा रद्द होणार नाही. जबरी चोरी हा आपसांत मिटवता येणारा गुन्हा नाही, आणि गावच्या पंचांनी लिहून दिलेल्या कागदाने त्यात फरक पडत नाही. मोडलेल्या हाताने घर चालवणाऱ्या त्या मुनिमाच्या दारात सही मागायला जाऊ नका. तो माणूस आधीच भेदरलेला असेल, आणि दबाव आणल्याची तक्रार झाली तर भावाचे अपील अडचणीत येईल. उपचाराचा खर्च भरून देण्याची तुमची प्रामाणिक तयारी असेल, तर ती वकिलांमार्फत न्यायालयापुढे सांगा.

प्रश्न : माझे पती अशाच गुन्ह्यात शिक्षा भोगत आहेत. वकिलाला द्यायला पैसे नाहीत आणि संभाजीनगरला जाणेही शक्य नाही. अपील कसे करावे?
(एक भगिनी, ता. शहादा)

उत्तर : त्यांना कारागृहातूनच अपील करता येते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२४ प्रमाणे त्यांनी अपिलाचा अर्ज निकालाच्या प्रतीसह कारागृह अधीक्षकांकडे द्यायचा आणि अधीक्षकांनी तो न्यायालयाकडे पाठवायचा. कोठडीतील व्यक्तीला १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नंदुरबारच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तुम्ही स्वतः अर्ज करू शकता किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करू शकता. खंडपीठात विधी सेवा उपसमिती वकील नेमते. नेमलेल्या वकिलांचे नाव कळताच घटनेची हकीकत आणि घरची परिस्थिती त्यांना लिहून कळवा, कारण शिक्षेच्या प्रमाणावर बोलताना त्यांना हाच तपशील लागतो.

प्रश्न : लुटारूंच्या मारहाणीत मी जखमी झालो. आरोपीने गुन्हा कबूल केला आणि त्याला फारच कमी शिक्षा झाली. मला अपील करता येईल काय?
(एक दुकानदार, धुळे)

उत्तर : आरोपी निर्दोष सुटला, त्याला कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवले किंवा भरपाई अपुरी दिली, तर पीडिताला कलम ४१३ खाली अपील करता येते. केवळ शिक्षा कमी झाली म्हणून पीडिताला हे अपील मिळत नाही. ते कलम ४१८ खाली सरकारच करू शकते, म्हणून तुमचे म्हणणे जिल्हा सरकारी वकिलांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. भरपाईचा आदेश झालाच नसेल, किंवा झालेली रक्कम पुनर्वसनाला पुरेशी नसेल, तर कलम ३९६ खालील पीडित भरपाई योजनेसाठी धुळ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्वतंत्र अर्ज करता येतो. त्यासोबत दवाखान्याची बिले आणि दुकान बंद राहिल्याने झालेल्या नुकसानीचा हिशेब जोडावा.